चार बोल्ट आणि एक नांगर

मुलुंड पश्चिमेच्या आमच्या गल्लीतली पिठाची गिरणी गेल्या वर्षी हलली. इमारत पुनर्विकासात गेली आणि गिरणीवाल्या काकांना रस्त्यापलीकडे भाड्याचा गाळा मिळाला. एका सकाळी फिटर आला. त्याने मोटर सोडवली, पट्टा उतरवला, चक्कीच्या पायाशी उकिडवं बसून चारही नटांवर तेल सोडलं आणि थांबला. पीठ आणि दमट हवा खाऊन नट पुरते गंजलेले. थोड्या वेळाने पाना लावला, वर लोखंडी नळी चढवून जोर दिला, आणि एकेक नट किरकिरत सुटला. दुपारी चौघांनी मिळून चक्की हातगाडीवर चढवली. संध्याकाळी समोरच्या गाळ्यात दळण सुरू झालं, तोच घरघराट, तीच ज्वारीची ऊन वाफ.

जुन्या गाळ्यात मागे राहिलं ते सिमेंटचं गुडघाभर जोतं आणि त्यातून वर आलेले चार बोल्ट.

“काका, हे नाही न्यायचं?” मी विचारलं.

“ते कसं न्यायचं, ताई? ते जमिनीचं झालं,” काका म्हणाले आणि नव्या गाळ्याकडे वळले.

काकांनी जाता जाता जो निवाडा केला, त्याच निवाड्यासाठी साखरेच्या आणि कागदाच्या यंत्रांचे खटले, रस्त्याच्या डांबराच्या प्लांटचे खटले, तेलाच्या टाक्यांचे आणि मोबाइल टॉवरचे खटले सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले आहेत. प्रत्येक वेळी प्रश्न हाच, की ही वस्तू हलणारी की न हलणारी? प्रश्न इतका साधा, की पहिलीतलं मूल उत्तर देईल. आणि तरीही त्याच्या उत्तरावर कोट्यवधी रुपयांचा कर अवलंबून असतो. ते निवाडे वाचायला घेतल्यापासून मला उपनगरातली एकही मोठी वस्तू पूर्वीसारखी दिसत नाही.

आपल्याकडे या दोन गोष्टींसाठी फार सुंदर शब्द आहेत. मृत्युपत्रात, वाटणीपत्रात, सात-बाराच्या भांडणात ते जोडीने येतात: स्थावर आणि जंगम. स्थावर म्हणजे उभं राहिलेलं, टिकून असलेलं. जंगम हा शब्द ‘गम्’ धातूचं द्वित्व होऊन बनला आहे, म्हणजे पुन्हा पुन्हा जाणारं, जाणं हाच ज्याचा स्वभाव आहे ते. गावोगाव फिरणाऱ्या लिंगायत गुरूंनाही जंगमच म्हणतात. शब्दाच्या पोटातच खूण आहे की एखादी गोष्ट आज कुठे आहे एवढ्यावर भागत नाही, तिचा स्वभाव बघावा लागतो.

जुन्या कोकणी घरात हा भेद ओटीवरच दिसायचा. उखळ जमिनीत पुरलेलं, मुसळ भिंतीला टेकवलेलं. घराच्या वाटण्या झाल्या की उखळ ज्याच्या खोलीत असेल त्याचं. मुसळासाठी मात्र बोलणी करावी लागत. पाटा जड, दोघांनी उचलायचा, पण कुणी त्याला घराचा भाग म्हटलं नाही. म्हणजे वजनाने हा प्रश्न सुटत नाही, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतंच.

कर घेणाऱ्याला हा प्रश्न का पडावा? कारण राज्यघटनेनेच करांची वाटणी केली आहे. सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीत 49व्या क्रमांकाला ‘जमिनी आणि इमारती’ यांवरचा कर आहे. आपली घरपट्टी, म्हणजे मालमत्ता कर, तिथून येतो. केंद्राच्या सूचीत 84व्या क्रमांकाला उत्पादन शुल्क होतं, आणि ते ‘माला’वर बसे. माल म्हणजे बनवून बाजारात नेता येईल अशी वस्तू. जमिनीला चिकटलेली गोष्ट बाजारात नेता येत नाही, म्हणून ती माल नाही आणि तिच्यावर उत्पादन शुल्कही नाही. तिसरीकडे मुद्रांक शुल्क. कारखाना विकताना जमीन आणि इमारत स्थावर म्हणून नोंदवावी लागते, तिच्यावर मुद्रांक भरावा लागतो, आणि यंत्रं नुसती हातात देऊन विकता येतात. मग यंत्र कशात धरायचं? एकाच लोखंडी सांगाड्याकडे तीन खाती तीन बाजूंनी पाहतात. उत्पादन शुल्काच्या भांडणात कारखानदार म्हणतो, साहेब, हे स्थावर आहे. मुद्रांकाच्या भांडणात तोच म्हणतो, छे, हे जंगम. न्यायालयाला मात्र दोन्ही वेळा त्याच वस्तूकडे प्रामाणिकपणे बघावं लागतं.

कायद्यातली व्याख्या वाचताना मला एखादं शांत निसर्गचित्र बघितल्यासारखं झालं. 1882च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात ‘जमिनीला जोडलेलं’ याचे तीन अर्थ दिले आहेत. जे झाडाझुडपांसारखं जमिनीत रुजलं आहे ते पहिलं. भिंतींसारखं, इमारतींसारखं जमिनीत पुरलं आहे ते दुसरं. आणि अशा पुरलेल्या गोष्टीला, तिच्याच कायमच्या उपयोगासाठी, जे जोडलं आहे ते तिसरं, जसं भिंतीला दार. आधी झाड, मग भिंत, मग दार. सगळा तंटा या तिसऱ्या पायरीवर होतो, आणि तिथले कळीचे शब्द आहेत ‘तिच्याच उपयोगासाठी’. दार कुणासाठी? घरासाठी. चक्कीचे बोल्ट कुणासाठी? गाळ्यासाठी नक्कीच नाहीत. ते चक्कीसाठी आहेत, नाहीतर ती थरथरत दारापर्यंत चालत जाईल.

त्याच कायद्यात स्थावरातून वगळलेल्या गोष्टींत ‘उभं लाकूड’ आहे. झाड स्थावर, आणि उभं लाकूड जंगम! जमिनीत दोघंही सारखीच उभी. 1958 साली शांताबाई विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात, जंगलातला बांबू, जळण आणि साग तोडून नेण्याच्या हक्काबद्दल बोलताना न्यायमूर्ती विवियन बोस यांनी हा फरक समजावून सांगितला. जे झाड लवकरच तोडायचं ठरलं आहे, ते उभं असूनही लाकूड झालं. जे अजून वर्षानुवर्षं मातीतून रस ओढत वाढणार, फळणार आहे, ते झाड राहिलं. मुळं तीच, माती तीच. फरक पडतो तो पुढे काय होणार याने. म्हणजे एखादी वस्तू स्थावर आहे की जंगम, हे ठरवताना कायदा तिचं भविष्यही विचारात घेतो.

आता नांगराकडे येते. 1872 साली इंग्लंडमध्ये हॉलंड विरुद्ध हॉजसन हा खटला झाला. कापडगिरणीतल्या मागांच्या पायांना भोकं होती आणि त्यांतून खिळे मारून ते माग जमिनीला बसवले होते. खिळे उपटले की माग सुटत. गिरणी गहाण पडली, तेव्हा माग गिरणीबरोबर गेले की नाहीत? न्यायमूर्ती ब्लॅकबर्न म्हणाले, गेले. ते गिरणीचा कायमचा भाग व्हावेत म्हणूनच बसवले होते. पण हे सांगताना त्यांनी जे दोन दाखले दिले, ते आजही आपल्या न्यायालयांत उभे राहतात.

पहिला दाखला दगडांचा. चुना-माती न लावता दगडावर दगड रचून कुंपणाची भिंत घातली, तर ती जमिनीचा भाग. तेच दगड, त्याच रीतीने, गवंड्याच्या आवारात सोयीसाठी रचून ठेवले, तर ते नुसते दगड.

दुसरा नांगराचा. मोठ्या जहाजाचा नांगर समुद्राच्या तळात किती घट्ट रुतलेला असतो! सगळ्या जहाजाची ओढ त्याने पेललेली असते. तरी तो जमिनीचा झाला असं कुणी म्हणत नाही, कारण तो जहाजासाठी रुतला आहे. पण तोच नांगर झुलत्या पुलाच्या साखळ्या धरण्यासाठी पुरला, तर तो जमिनीचा. इंग्रजांना हा दाखला सुचला तेव्हा त्यांना ठाऊक नसावं की मराठीत जमिनीत घुसणाऱ्या दोन्ही वस्तूंना, शेतकऱ्याच्या आणि कोळ्याच्या, आपण नांगरच म्हणतो, आणि दोघांचाही जमिनीशी संबंध येऊन-जाऊन असतो. वेसाव्याच्या खाडीत ओहोटीला होड्या कलंडून पडतात, तेव्हा दोराच्या टोकाला चिखलात रुतलेला नांगर दिसतो. तो उपटायला दोन माणसं लागतात. आणि तरी तो जंगम आहे, होडीइतकाच.

किती घट्ट बांधलं आहे, हा प्रश्न मग दुसऱ्या नंबरला जातो. आधी विचारायचं, कुणासाठी बांधलं आहे?

ही कसोटी हातात घेऊन आपली न्यायालयं प्रचंड यंत्रांसमोर उभी राहिली आहेत. चंद्रपूर ओलांडून तेलंगणात शिरलं की सिरपूर कागजनगर लागतं. तिथल्या कागद गिरणीतलं कागद बनवायचं यंत्र काँक्रीटच्या पायात बसवलेलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने 1997 साली म्हटलं, पाया आहे तो यंत्र डुगडुगू नये म्हणून. एवढ्याने ते जमिनीचं होत नाही. जंगम. पण साधारण त्याच सुमारास मित्तल इंजिनिअरिंगच्या खटल्यात, मळीतली उरलीसुरली साखर काढून घेणारं उभं यंत्र न्यायालयाने स्थावर ठरवलं. साखर कारखान्यात ते सुट्या भागांनी येतं, पायावर भाग जोडत जोडत उभं राहतं, आणि हलवायचं तर पुन्हा तुकडेच करावे लागतात.

तिसरं उदाहरण मला सगळ्यांत विलक्षण वाटतं. भिलाईच्या झोतभट्टीतून वितळलेलं लोखंड सोडलं की ते तोंड मातीचा गोळा मारून बंद करावं लागतं. हे काम करणाऱ्या यंत्राला मडगन म्हणतात. ते जमिनीपासून 25 फूट उंचीवरच्या काँक्रीटच्या चौथऱ्यावर बसतं. टी. टी. जी. इंडस्ट्रीजच्या 2004 सालच्या निवाड्यात प्रश्न आला की हे यंत्र माल आहे का. न्यायालयाने त्याच्या जन्माची गोष्ट पाहिली. खाली जोडून वर चढवणं शक्य नव्हतं. भाग वर नेऊन तिथेच जोडत गेले. म्हणजे जमिनीशी जोडलं जाण्याआधी ते यंत्र कधी अस्तित्वातच नव्हतं! एकही क्षण असा नव्हता, की ज्या क्षणी तुम्ही त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाल, हा बघा माल. ते जन्मतःच स्थावर होतं.

आणि मग 2010 साली, सॉलिड अँड करेक्ट इंजिनिअरिंगच्या खटल्यात, रस्त्याचं डांबर-खडी गरम करून कालवणारा हॉट मिक्स प्लांट आला. भलामोठा, नटबोल्टांनी बांधलेला. पण पाया जेमतेम दीड फूट खोल, तोही प्लांट हादरू नये म्हणून. आणि रस्त्याचं कंत्राट संपलं की गडी सगळं सोडवून पुढच्या गावाला निघणार. न्यायमूर्ती टी. एस. ठाकूर यांनी तो जंगम ठरवला, आणि त्यावर शुल्क लागलं. रस्ते बांधणारा प्लांट स्वतःही रस्त्याला लागलेला असतो.

या सगळ्यांत मुंबईची स्वतःची मोठी भर म्हणजे तेलाच्या टाक्या.

ईस्टर्न फ्रीवेने चेंबूरकडे येताना माहुलच्या बाजूला त्या दिसतात. पांढऱ्या, गोल, रांगेत बसलेल्या. 1950च्या दशकाच्या मध्यावर ट्रॉम्बेत दोन तेलशुद्धीकरण कारखाने आले, तेव्हापासून हा भाग टाक्यांचा झाला. लहानपणी मला त्या टाक्या जमिनीत खोल गेलेल्या वाटायच्या, विहिरीसारख्या. खरी गोष्ट अशी की बऱ्याचशा टाक्यांना जमिनीशी बांधणारा एकही बोल्ट नसतो. आधी भराव दाबून त्यावर वाळू आणि डांबराचा थर देतात, म्हणजे खालून ओल येऊन पत्रा सडणार नाही. त्यावर पोलादी पत्रे जोडून तळ घालतात. या तळाची जाडी किती असावी? साधारण 6 ते 8 मिलिमीटर, आपल्या करंगळीपेक्षा कमी. मग कडेने पत्र्यांची एकेक फेरी वर चढवत नेतात. खालची फेरी सगळ्यांत जाड, वर जाताना पातळ, कारण तेलाचा दाब खोलीप्रमाणे वाढतो.

हिशोब करून बघा. 30 मीटर व्यासाची आणि 12 मीटर उंचीची टाकी धरली, तर तिच्या तळाचं क्षेत्रफळ सुमारे 707 चौरस मीटर भरतं. 6 मिलिमीटर पत्र्याचा तो तळ असेल 33 टनांच्या आसपास. वापरायला घेण्याआधी टाकीत पाणी भरून पाहतात, तेव्हा त्या पातळ पत्र्यावर जवळजवळ साडेआठ हजार टन पाणी उभं असतं. पाणी सावकाश भरतात, थांबतात, कडेने ठिकठिकाणी मोजमाप घेतात, कारण त्या वजनाखाली जमीन दबते. टाकी कशालाही चिकटवलेली नाही. जमीन मात्र तिच्या आकाराची होऊन बसते.

मुंबई महापालिकेने इंडियन ऑइलच्या अशा पेट्रोलियम साठवणीच्या टाक्यांवर मालमत्ता कर लावला. कंपनीचं म्हणणं, टाकी नुसती ठेवलेली आहे. तिला नट नाही, बोल्ट नाही, ती आपल्या वजनावर बसली आहे. मग ती इमारत कशी? उच्च न्यायालयात कंपनीची बाजू टिकली. या प्रश्नाला धार होती, कारण मुंबई महापालिकेच्या 1888च्या कायद्यातच कलम 154 सांगतं की जागेत असलेल्या यंत्रांची किंमत करपात्र मूल्यात धरायची नाही. यंत्र असेल तर सूट, इमारत असेल तर कर.

1990च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. न्यायमूर्ती के. रामस्वामी यांनी बोल्ट मोजले नाहीत. त्यांनी विचारलं, ही वस्तू आहे त्याच रूपात दुसरीकडे नेऊन वापरता येईल का, की ती मोडून तिथे पुन्हा उभी करावी लागेल? आहे तशी जाणार असेल तर जंगम. मोडावी लागणार असेल तर जमिनीला जोडलेली. टाक्या आणल्या गेल्या नव्हत्या, त्या तिथेच उभ्या राहिल्या होत्या आणि तिथेच राहण्यासाठी उभ्या राहिल्या होत्या. कायमपणा हीच कसोटी. टाक्या इमारतीत धरल्या गेल्या आणि कर लागू झाला.

इथे मला लॉर्ड डेनिंग यांच्या 1949 सालच्या एका निवाड्याची फार आठवण होते. कार्डिफच्या पोलाद कारखान्याच्या त्या खटल्यात त्यांनी सांगितलं होतं की जहाज बांधलेलं असतं, पण ते बांधकाम नव्हे. पवनचक्की मात्र बांधकाम, तिचे काही भाग फिरत असले तरी. आणि धक्क्याला कायमचा लावून ठेवलेला तराफा, ज्यावरून प्रवासी चढतात-उतरतात, तो पाण्यावर तरंगत असूनही बांधकामाच्या जातीचा. म्हणजे खाली जमीन नसली तरी जागा असू शकते.

पुढे 15 जानेवारी 2002 रोजी केंद्रीय उत्पादन शुल्क मंडळाने एका आदेशात या सगळ्या निवाड्यांतून निघणारे नियम एकत्र केले. तेलाच्या मोठ्या टाक्यांबद्दल तिथेही तेच लिहिलं आहे. त्या जमिनीत पुरलेल्या नसतात, पण टप्प्याटप्प्याने जागेवरच उभ्या राहतात, आणि विकायच्या झाल्या तर पत्रे आणि भंगार म्हणूनच विकाव्या लागतात. म्हणून तो माल नव्हे. त्याच आदेशात इमारतीत बसवलेल्या लिफ्ट आणि सरकत्या जिन्यांचाही उल्लेख आहे, आणि त्यांनाही उत्पादन शुल्कातून वगळलं आहे.

लिफ्टवर क्षणभर थांबते. बोरिवली-कांदिवलीत गेल्या काही वर्षांत किती टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या, आणि प्रत्येकीत दोन-तीन लिफ्ट. सकाळी सातपासून रात्री बारापर्यंत शाळेची दप्तरं, दुधाच्या पिशव्या, गॅसचे सिलिंडर घेऊन ती वर-खाली करत असते. इमारतीतली सगळ्यांत जास्त हलणारी वस्तू तीच. आणि कायद्याने ती स्थावर! कारण तुम्ही ज्याला लिफ्ट म्हणता तो डबा म्हणजे लिफ्ट नव्हे. भिंतींत बसवलेले रूळ, वरची मोटर, दोर, वजनाचा प्रतिभार, प्रत्येक मजल्यावरचं दार आणि तो उभा चौकोनी बोगदा, असं सगळं मिळून लिफ्ट होते, आणि ते सगळं त्या इमारतीच्या मापाने, त्या इमारतीतच घडतं. 2014 साली कोने कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानेही सांगितलं की लिफ्ट पुरवून बसवून देण्याचा करार ही नुसती विक्री नाही. तो कामाचा करार आहे, जसा घर बांधून देण्याचा असतो. समुद्रतळात रुतलेला नांगर जंगम आणि दिवसभर धावणारी लिफ्ट स्थावर, हे एकदा मनात शेजारी ठेवलं की डोळ्यांवरचा एक पडदाच सरकतो.

घाटकोपरहून मेट्रोने अंधेरीकडे निघालं की उन्नत मार्गावरून आपण गच्च्यांच्या पातळीवर येतो. असल्फा, साकीनाका, मरोळ. खिडकीतून गच्च्या दिसतात: पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेले पापड, निळी ताडपत्री, आणि मोबाइलचे टॉवर. या टॉवरांनी आपल्या कसोटीची जितकी परीक्षा घेतली, तितकी कुठल्याही यंत्राने घेतली नसेल.

आधी महापालिकांची बाजू. डिसेंबर 2016 मध्ये अहमदाबाद महापालिका आणि नवी मुंबईतली जीटीएल इन्फ्रास्ट्रक्चर ही कंपनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, राज्यसूचीतल्या ‘इमारत’ या शब्दाचा अर्थ मोठा आहे, काळाबरोबर तो वाढतो, त्यात मोबाइल टॉवर बसतो. मालमत्ता कर लावायला हरकत नाही.

दुसरीकडे वेगळाच तंटा चालू होता. मोबाइल कंपन्यांनी टॉवरचे भाग विकत घेताना त्यांवर उत्पादन शुल्क भरलेलं असे. आपण भरतो त्या सेवाकरातून ती रक्कम वजा करून मिळावी, ही त्यांची मागणी. पण टॉवर जंगम असेल तरच वजावट मिळणार. पुण्याच्या केंद्रीय उत्पादन शुल्क आयुक्तालयातून निघालेल्या भारती एअरटेलच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने 2014 साली कंपनीच्या विरुद्ध निकाल दिला. 2018 साली दिल्ली उच्च न्यायालयाने तशाच प्रकरणात नेमका उलट निकाल दिला. टॉवर तोच, आणि दोन शहरांत दोन उत्तरं.

20 नोव्हेंबर 2024 रोजी न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना आणि न्यायमूर्ती एन. कोटीश्वर सिंह यांनी हा गुंता सोडवला. शंभर-दीडशे वर्षांचे निवाडे चाळून त्यांनी सहा प्रश्न समोर ठेवले. वस्तू कशी जोडली आहे? कशासाठी जोडली आहे? जोडणाऱ्यांच्या मनात काय होतं? जोडल्यामुळे तिचं काम नीट चालावं एवढाच हेतू आहे का? ती कायमची आहे का? आणि सोडवून बाजारात विकता येईल का?

टॉवरला हे प्रश्न विचारून बघा. तो सुट्या भागांनी येतो, नटबोल्टांनी उभा राहतो. त्याला बांधलं आहे ते त्या गच्चीचं भलं व्हावं म्हणून नाही. अँटेनाला उंची हवी आणि वाऱ्यात स्थिरता हवी. टॉवरवर जो ढोलासारखा गोल डबा दिसतो, तो दूरच्या दुसऱ्या टॉवरवरच्या तशाच डब्याकडे अचूक तोंड करून असतो. त्याची मान थोडी जरी वळली तरी धागा तुटतो. म्हणून आवळलेले बोल्ट. सोसायटीशी केलेला करार संपला की रिगर दोर बांधून वर चढतात, वरून खाली एकेक भाग उतरवतात, आणि तोच टॉवर दुसऱ्या गच्चीवर उभा राहतो. काही केबली कापाव्या लागतात, म्हणून टॉवरचं नुकसान झालं असं म्हणता येत नाही. न्यायालय म्हणालं, जंगम. शेजारची तयार केबिनही जंगम. आणि अँटेनाला वर धरून ठेवणारा टॉवर हा अँटेनाचाच जोडभाग.

म्हणजे गच्चीवरचा तो एकच टॉवर महापालिकेच्या वहीत इमारत आहे आणि केंद्राच्या वहीत जंगम वस्तू. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हा विरोधाभास वाटला. आता वाटत नाही. महापालिकेचा प्रश्न असतो की या जागेचा उपयोग कशासाठी होतो आहे. वजावटीचा प्रश्न असतो की ही वस्तू कशाची आहे, जागेची की कामाची. दोन वेगळे प्रश्न विचारले तर दोन खरी उत्तरं मिळू शकतात, आणि दोन्ही उत्तरं पेलण्याइतका टॉवर भक्कम आहे.

जुलै 2017 मध्ये वस्तू आणि सेवा कर आला, तेव्हा कायदा करणाऱ्यांनी काही ठिकाणी कसोटीवर न सोडता नावंच लिहून टाकली. ‘संयंत्र आणि यंत्रसामग्री’ यातून जमीन, इमारत, दूरसंचार टॉवर, कारखान्याच्या आवाराबाहेर टाकलेल्या पाइपलाइनी वगळल्या. तरी एक फट राहिली. एका कलमात ‘आणि’ऐवजी ‘किंवा’ पडलं होतं. 3 ऑक्टोबर 2024 रोजी सफारी रिट्रीट्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की ‘किंवा’ला वेगळा अर्थ आहे, आणि भाड्याने द्यायला बांधलेला मॉल त्याच्या कामापुरता संयंत्र ठरू शकतो, प्रत्येक मॉल तपासून बघावा लागेल. सबंध मॉल एक यंत्र! घाटकोपरच्या मॉलमध्ये शनिवारी संध्याकाळी उभं राहून मी हा विचार करून पाहिला. आत येणारी माणसं, फिरणारे जिने, गार हवा, भाडं. कल्पना खुळी मुळीच नाही. 2025च्या वित्त कायद्याने मात्र त्या ‘किंवा’चं ‘आणि’ केलं, तेही 1 जुलै 2017 पासून झालं असं धरून.

आमच्या गल्लीत गिरणीच्या जागी आता खड्डा आहे. खड्ड्याच्या कोपऱ्यात टॉवर क्रेन उभी राहिली आहे, पिवळी, चौदा-पंधरा मजल्यांइतकी उंच. ती उभी करताना मी रोज बघत होते. आधी जमिनीत काँक्रीटचा भलाथोरला ठोकळा ओतला आणि त्यात क्रेनचे चार लोखंडी पाय रोवले. वादळात तिला धरून ठेवणारे तेच. मग त्यावर सांगाड्याचे तुकडे, एकावर एक, खिळी मारून. इमारत झाली की क्रेन तुकड्यातुकड्यांनी उतरेल आणि दुसऱ्या कुठल्या खड्ड्याकडे जाईल, भांडुपला किंवा दहिसरला.

मी साइटवरच्या इंजिनिअरला विचारलं, “दादा, ते चार पाय पण काढून नेता?”

“नाही हो, मॅडम. ते कापतो वरून. खालचे राहतात काँक्रीटमध्येच. वर पार्किंगची फरशी येईल.”

गिरणीवाले काकाही शेजारी उभे होते, पायलीभर गव्हाचा डबा हातात धरून. त्यांनी खड्ड्यात वाकून त्या चार पायांकडे बराच वेळ पाहिलं, आणि मग दळण टाकायला आत गेले.